अठरा हजारांची अपेक्षा

"किती पगाराची अपेक्षा आहे तुझी?" अष्टपुत्रे साहेबांनी विचारलं.

मी खुर्चीच्या कडेला टेकले होते. आप्पा बसलेच नव्हते. साहेब "बसा शेवाळे" म्हणाले, तसं आप्पा "असू द्या साहेब" म्हणून दाराजवळच उभे राहिले, दोन्ही हात पोटावर एकात एक घेऊन. माझे वडील या माणसाला वर्षानुवर्षं रोज सकाळी घरून आणत होते आणि संध्याकाळी घरी सोडत होते. पण त्यांच्या केबिनमध्ये नेमकं कुठं उभं राहायचं, हे त्यांना कळत नव्हतं. एकदा फायलींच्या कपाटाशी सरकले, मग पुन्हा दाराकडे आले.

"अठरा हजार, सर," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते आप्पांकडे पाहत होते.

"शेवाळे, तुम्ही घरी काही बोलला नाहीत का?"

"बोललो साहेब. म्हणजे, तसं बोललो," आप्पा म्हणाले. "पोरगी आहे. तिला काय कळतं."

मी मागे वळून आप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, माझा आकडा ऐकून त्यांना लाज वाटली असेल. त्यांचा स्वतःचा पगार तेव्हा नऊ हजारांच्या आत होता.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालच्या जुलैमधली आहे. मी औरंगाबादच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातून मेकॅनिकलला पहिल्या वर्गात, तेही विशेष प्रावीण्यानं पास झाले होते. आमच्या वर्गात पाच मुली होत्या आणि पाचांत माझे मार्क सगळ्यांत जास्त होते. पण ते मंदीचं वर्ष होतं. दरवर्षी कॉलेजात येऊन मुलं निवडून नेणाऱ्या कंपन्या त्या वर्षी फिरकल्याच नाहीत. ज्यांच्या घरी कुणाची ओळख होती ते कुठं कुठं चिकटले. बाकीचे आम्ही सायबर कॅफेत बसून अर्ज पाठवत होतो.

अष्टपुत्रे साहेबांची कंपनी, जिथं आप्पा ड्रायव्हर होते, वाळूजला होती. मोटारसायकलींच्या ब्रेकचे भाग तिथं तयार व्हायचे. माझ्या वर्गातला शंतनू कुलथे त्याच महिन्यात तिथं ट्रेनी इंजिनीअर म्हणून लागला होता. त्याचे वडील बँकेत मॅनेजर होते. शंतनू माझी जर्नलं उतरवून पास झालेला मुलगा. त्यानं आनंदानं फोन करून सांगितलं होतं, "उज्ज्वला, अठरा देतायत. आणि अजून एक जागा भरायचीय म्हणे."

त्यामुळे आप्पा एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "उद्या साहेबांनी बोलावलंय तुला, नीट ड्रेस घाल," तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. ती जागा माझीच, हे मी धरून चालले. रात्री मशीन ड्रॉइंगची वही काढून पुन्हा वाचली.

आता साहेब खुर्चीत मागे रेलले. वाईट माणूस नव्हता तो. आवाज मऊ होता, माझ्याशी बोलताना 'बाळ' म्हणत होता.

"हे बघ बाळ, आपल्याकडे पॅकिंगचं काम एका कॉन्ट्रॅक्टरला दिलंय. त्याच्या ऑफिसात एक जागा आहे. आलेला माल, गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा. बसून काम आहे, लेडीज स्टाफ आहे, साडेपाचला सुट्टी. सात हजार मिळतील. घरून येऊन-जाऊन करशील."

"सर, मी इंजिनीअर आहे."

"माहीत आहे ना."

"हे काम बारावी झालेली मुलगीसुद्धा करेल."

"करेल," साहेब हसून म्हणाले. "पण ती शेवाळेंची मुलगी नाही. मी शेवाळेंसाठी देतोय हे."

"मग मला नको, सर." माझा आवाज चढला होता, ते मलाही कळत होतं. "माझ्याच वर्गातल्या शंतनू कुलथेला तुम्ही अठरा हजार दिलेत. त्याच्यापेक्षा माझे मार्क जास्त आहेत. मार्कशीट आणलीय मी. तुम्ही माझा इंटरव्ह्यू घ्या. मला काही आलं नाही तर घालवून द्या. पण ड्रायव्हरची मुलगी म्हणून काहीतरी द्यायचं म्हणून देऊ नका."

मागून आप्पा "उजू" एवढंच म्हणाले. इतक्या हळू, की मी ऐकलं नाही असं दाखवू शकले.

साहेबांनी टेबलावरचा पेन उचलून झाकण लावलं. "शेवाळे, घेऊन जा तिला. आणि सहा वाजता गाडी लावा, क्लबला जायचंय."

आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना आप्पा पुढे होते. पार्किंगमध्ये साहेबांची पांढरी गाडी उभी होती. आप्पांनी उगाच फडकं काढलं आणि स्वच्छ काचेवर फिरवायला लागले.

"आप्पा, त्यांनी मला सात हजारांची कारकुनी दिली. तुम्हाला राग नाही आला?"

"कामून येईल राग? कोण देतंय आजकाल बोलावून?"

"दुसरी जागा रिकामी आहे. शंतनू म्हणाला."

"शंतनूचा बाप मॅनेजर हाय."

"मग?"

त्यांनी फडक्याची घडी घातली. "मग काय मग. संध्याकाळी मला त्यांना क्लबला न्यायचंय. अर्धा तास त्या माणसाच्या पुढ्यात बसायचंय गाडीत. तू बोलून मोकळी झालीस."

त्यांनी मला रिक्षा करून दिली. नेहमी बसनं पाठवणाऱ्या माणसानं त्या दिवशी रिक्षा करून दिली, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

घरी आईनं भांडी घासता घासता सगळं ऐकून घेतलं. माझा धाकटा भाऊ दिगंबर आतल्या खोलीत अभ्यासाला बसला होता. एका खासगी कॉलेजात तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेला होता, मागचे दोन विषय अजून अडकलेले होते. आप्पांनी त्याच्या प्रवेशासाठी गावाकडचं रान विकलं होतं. माझा प्रवेश मेरिटवर झाला होता. फी माफीत बसली होती.

"घ्यायचं होतंस की," आई म्हणाली. "लग्न होईपर्यंत तेवढाच हातभार."

"कुणाला हातभार?"

"घराला. अजून कुणाला?"

"मी चार वर्षं पहाटे उठून शिकले ते हातभारासाठी?"

आईनं पुढचं भांडं घासायला घेतलं. दिगंबर बाहेर येऊन म्हणाला, "ताई, तू बरोबर केलंस." त्याला खरंच तसं वाटत होतं. तो मनानं साफ होता. आजही आहे. त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता.

आप्पा त्या रात्री उशिरा आले आणि जेवून झोपले. पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पंधरवड्याच्या आत मी बॅग भरली आणि मैत्रिणीच्या ओळखीनं पुण्याला गेले. बसस्टँडवर दिगंबर सोडायला आला होता. आप्पा ड्यूटीवर होते.

पुण्यात मी दोन महिने इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी विचारलं, रात्रपाळी चालेल का? मी म्हणाले, चालेल. तरी म्हणाले, मुलींना आम्ही शॉप फ्लोअरवर घेत नाही. दुसऱ्या ठिकाणी इंटरव्ह्यू घेणाऱ्याने वडील काय करतात विचारलं, मी सांगितलं, आणि त्यानंतर त्याने इंग्रजीऐवजी मराठीत बोलायला सुरुवात केली. शेवटी भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीच्या कामावर लागले. पत्र्याचं छप्पर, आठ-दहा लेथ, एक ऑफिस. पगार साडेसहा हजार. अष्टपुत्रे साहेब देत होते त्याहून कमी. हे मी घरी सांगितलं नाही. बारा सांगितले.

तिथं मला एक गोष्ट कळली, जी कॉलेजात कुणी शिकवत नाही. पुढे जिथं जिथं नोकरीला गेले तिथं पहिला प्रश्न असायचा, आधीचा पगार किती? मग त्यावर थोडीफार वाढ लावून द्यायचे. काम कितीही वाढो, आकडा त्या साडेसहा हजारांचा हात सोडत नव्हता. शंतनूसारखी मुलं जिथून सुरू झाली होती तिथं पोचायला मला पाच वर्षं लागली. तोवर ती आणखी कुठल्या कुठं गेली होती.

वर्षभरानं, असंच पावसाळ्याच्या तोंडावर, आईचा फोन आला.

"आप्पांना गाडीवरून काढलंय."

"काढलं म्हणजे?"

"गेटवर टाकलंय. वॉचमन म्हणून. पगार तोच ठेवलाय म्हणे, पण ओव्हरटाइम गेला. साहेबांच्या घरचा दिवाळीचा बोनस पण गेला."

"का? काय झालं?"

"काय सांगू आता," ती म्हणाली. "मोठ्या लोकांचं मन. काय होतं ते तुला माहीतच हाय."

मी फोन ठेवला आणि वर्कशॉपच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. काय झालं ते मला माहीतच होतं. मी केबिनमध्ये आवाज चढवला होता. साहेबांनी वर्षभर मनात ठेवलं आणि मग आप्पांना बाहेर उभं केलं.

त्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा आईनं डबा देऊन मला कंपनीत पाठवलं. गेटपाशी आप्पा खाकी कपड्यांत होते. चौदा वर्षं त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. रोज रात्री आई तो धुवायची, सकाळी इस्त्री व्हायची. ड्रायव्हर असूनही आमच्या गल्लीत सगळे त्यांना त्या शर्टामुळे साहेब म्हणून हाक मारायचे. खाकीत ते बारीक दिसत होते. मी डबा पुढे केला तेवढ्यात आतून हॉर्न वाजला. आप्पांनी डबा माझ्याच हातात परत दिला, धावत जाऊन आडवा बांबू वर केला आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. पांढरी गाडी गेली. नवा ड्रायव्हर विशीतला होता. मागे साहेब पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

आप्पा परत आले.

"माझ्यामुळं झालं ना हे?" मी विचारलं.

ते बांबूची दोरी खुंटीला गुंडाळत होते. "जाऊ दे आता," ते म्हणाले. "डबा दे. गार होईल."

एवढंच. नाही म्हणाले नाहीत.

त्यानंतर मी दर महिन्याला घरी पैसे पाठवायला लागले. पगार झाला की आधी घरचे, मग माझे. खोली चौघींत घेतली होती, ती तशीच ठेवली. एका चांगल्या संस्थेत डिझाइनचा कोर्स होता, तो केला असता तर त्या तपासणीच्या कामातून बाहेर पडता आलं असतं. दरवर्षी माहितीपत्रक आणायचे आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचे. वैजापूरचं एक स्थळ आलं होतं, मुलगा बरा होता. त्यानं विचारलं, लग्नानंतरही घरी पैसे पाठवणार का? मी हो म्हणाले. ते जमलं नाही. मला फार वाईट वाटलं असंही नाही.

दिगंबरचं मात्र चांगलं झालं. अडकलेले विषय सुटले आणि तो आप्पांच्याच कंपनीत ट्रेनी इंजिनीअर म्हणून लागला. आई म्हणाली, "साहेबांनी शेवटी मन मोठं केलं." मलाही तसंच वाटलं. उलट मला बरं वाटलं. निदान माझ्या बोलण्याचा राग त्याच्यावर निघाला नाही. तो मेहनती निघाला, हळूहळू वर चढत गेला. घराला वरचा मजला झाला.

दोन हजार पंधराच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. हॉल बीड बायपासला होता, दुपारचा मुहूर्त. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या आणि त्या गर्दीत अष्टपुत्रे साहेब आले. थकले होते, हातात काठी होती. कंपनी आता त्यांचा मुलगा बघत होता. आप्पा धावत गेले, पाया पडायला वाकले, साहेबांनी त्यांना वरच्यावर धरलं. आप्पांनी मला हाक मारली, "उजू, साहेबांना बसव. सरबत दे." आणि ते व्याह्यांकडे गेले.

मी कूलरसमोरची खुर्ची दिली, सरबत आणलं. साहेब माझ्याकडे निरखून पाहत होते.

"तू मोठी ना? माझ्या केबिनमध्ये भांडून गेली होतीस."

"हो सर."

"काय करतेस आता?"

"पुण्याला आहे. क्वालिटीत."

"छान. मला तेव्हा राग आला होता हां तुझा. पण घरी गेल्यावर बायकोला म्हणालो, पोरगी खणखणीत आहे." ते हसले. "वडिलांना जपा. असा बाप मिळायला भाग्य लागतं. आम्ही आमच्या मुलांसाठी पैसे खर्च करतो, त्यात काय मोठं? या माणसानं पोरासाठी गाडी सोडली."

"गाडी सोडली?"

"मग? तुला माहीत नाही?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आमचा नियम होता. माझ्या गाडीवरच्या माणसाच्या घरचं कुणी ऑफिसर म्हणून कंपनीत नको. गाडीत सगळं बोलणं होतं. कुणाला काढायचं, कुणाला किती वाढ द्यायची, युनियनशी काय ठरवायचं. ड्रायव्हरला सगळं ऐकू येतं. शेवाळेंवर माझा विश्वास होता, पण नियम तो नियम. दिगंबर पास झाला तेव्हा शेवाळे स्वतः माझ्याकडे आले. म्हणाले, साहेब, मी गाडी सोडतो. मला गेटवर टाका, झाडायला ठेवा, पण पोराला इंजिनीअरच्या जागेवर घ्या. आणि पगार बाकीच्यांना देता तेवढाच द्या, कमी नको. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

मी उभीच होते. माझ्या हातात सरबताचा ट्रे होता.

"आणि माझ्या वेळी, सर?"

"तुझ्या वेळी?" साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. लपवावं असं त्यांना काही वाटत नव्हतं. "तुझ्या वेळी मीच विचारलं होतं त्यांना. जागा होती, मार्क चांगले होते तुझे. मी म्हणालो, शेवाळे, घेतो मुलीला, पण तुम्हाला गाडी सोडावी लागेल. ते म्हणाले, नको साहेब, पोरीसाठी एवढं कशाला. कॉन्ट्रॅक्टरकडे कुठं तरी बसवा, दोन वर्षांत लग्न करायचंय. मला वाटलं, घरी बोलणं झालं असेल तुमचं. म्हणून तर तू अठरा हजार म्हणालीस तेव्हा मी चक्रावलो."

कुणीतरी साहेबांना जेवायला बोलवायला आलं. ते काठी टेकत उठले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

आप्पा हॉलच्या मागे सापडले. तिथं आचाऱ्यांच्या भट्ट्या होत्या, कढईत जिलेबी तळत होती. ते पाण्याचा टँकर कुठं लावायचा ते सांगत होते. डोक्यावर गुलाबी फेटा होता, घामानं त्याचा रंग कपाळावर उतरला होता.

"आप्पा, इकडे या."

ते आले. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? कोणी काय बोललं का?"

"गाडी तुम्ही स्वतः सोडली होती?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "साहेबांनी सांगितलं?"

"हो."

"आज कामून काढतीस ते. लग्नघर हाय."

"मला वाटत होतं माझ्यामुळं तुम्हाला काढलं. पाच वर्षं मला तसं वाटत होतं. तुम्हाला माहीत होतं ना?"

आप्पांनी फेटा सारखा केला. "माहीत होतं."

"आणि आईला?"

"तिलाबी. ती म्हणायची, सांगून टाकू पोरीला. मीच म्हणलो, राहू दे."

"का?"

"दिगूसाठी वरचा मजला काढला, त्याचे हप्ते होते. तू पाठवत होतीस. सांगितलं असतं तर थांबवलं असतंस."

एवढं सरळ उत्तर येईल याची माझी तयारी नव्हती. मागे टँकरवाला हॉर्न देत होता. आप्पांनी त्याला हातानं थांब अशी खूण केली.

"मी घरी खोटा पगार सांगत होते," मी म्हणाले. "बारा सांगत होते तेव्हा मला साडेसहा मिळत होते. त्यातून पाठवत होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"सांगायचं की मग," ते म्हणाले.

"आप्पा, माझ्यासाठी का नाही सोडली गाडी? जागा होती. साहेब स्वतः देत होते."

त्यांनी विचार केला, हे मला दिसत होतं. भट्टीकडं पाहत, ओठ हलवत, एखादा जुना हिशेब कुठं चुकला ते शोधावं तसा त्यांनी विचार केला. मला वाटलं, ते म्हणतील, तू हुशार होतीस, तुझं तू करशील याची खात्री होती. किंवा म्हणतील, घर चालायला पाहिजे होतं. मी ते मानलंही असतं.

"तुझ्यासाठी सोडावी, हे तेव्हा मनातच आलं नाही गं," ते म्हणाले. "पोरगी जाणार, एवढंच होतं डोक्यात. त्याच्या पुढं काही आलंच नाही."

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, माफीही नव्हती. ते पहिल्यांदाच त्या गोष्टीकडे बघत होते आणि जे दिसलं ते सांगत होते. ते खोटं बोलले असते तर मी तिथंच, आचाऱ्यांसमोर, भांडले असते.

आतून दिगंबर हाक मारत आला. मुंडावळ्या एका बाजूला घसरल्या होत्या, चेहरा आनंदानं फुलला होता. "ताई, आप्पा, चला ना! फोटोवाला थांबलाय. तुमच्याशिवाय काढणार नाही म्हणालो मी."

आम्ही गेलो. स्टेजवर वधूचे काका आप्पांच्या शेजारी उभे होते. फोटोवाला दिवे नीट करत होता तेवढ्यात काकांनी विचारलं, "ही तुमची मोठी ना? पुण्याला असते. किती पगारावर आहे ती?"

"आहे तिच्यापुरता," आप्पा म्हणाले. मग दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याचा पगार सांगितला, भत्त्यांसकट.

फोटो निघाला. तो आजही घरी हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात मी हसतेय.

संध्याकाळच्या गाडीनं मी पुण्याला परतले. पुढच्या महिन्यात पगार जमा झाला आणि मी घरी पैसे पाठवले नाहीत. त्याच आठवड्यात डिझाइनच्या कोर्सची चौकशी करायला गेले. तिथल्या बाईंनी माझं वय विचारलं आणि म्हणाल्या, "हा फ्रेशर्ससाठी आहे, मॅडम. तुम्हाला प्लेसमेंट मिळणार नाही, नुसतं शिकायचं असेल तर या." मी विचार करून सांगते म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी दुपारी फोन वाजला. आप्पा होते. ते स्वतःहून कधी फोन करत नसत, आईच लावून त्यांच्या हातात द्यायची. मागे ट्रकचे आवाज येत होते, म्हणजे गेटवरूनच बोलत होते.

"उजू, बँकेचा काही घोळ झालाय का?"

"नाही आप्पा."

"आले नाहीत म्हणून विचारलं."

"पाठवले नाहीत."

कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. एक ट्रक जवळ येऊन थांबल्याचा आवाज आला, बांबू वर करायला कुणीतरी हवं होतं. मी फोन कानाला लावून वाट पाहत होते. काहीतरी बोलावं त्यांनी, रागवावं, निदान का म्हणून विचारावं.

"बरं," ते म्हणाले. "जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले.